न्हाणीघरातले पापुद्रे

एम.एस्सी. झाल्यावर मला अणुशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली, आणि ठाण्यात आमच्या आळीभर ही बातमी पसरायला एक दुपार पुरली. पन्नासचं दशक अर्ध्याच्या पुढे सरकलं होतं. देशातली पहिली अणुभट्टी नुकतीच सुरू झाली होती, वर्तमानपत्रांत तिचे फोटो येत होते, पण अणू म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर अजून जपानच उभं राहायचं. माझे वडील ठाण्याच्या कोर्टात कारकून होते. तिथले वकील त्यांना थांबवून विचारत, मुलगी बॉम्ब करते का हो? वडील मान हलवून नाही म्हणत. मग काय करते, हे मात्र त्यांना सांगता येत नसे, कारण मीच त्यांना ते नीट सांगितलेलं नव्हतं.

काम तसं सांगायला सोपं होतं. युरेनियमचा अणू फुटला की त्याचे बहुधा दोन तुकडे होतात, आणि ते सारखे नसतात. एक जड, एक हलका. फुटल्याक्षणी ते एकमेकांकडे पाठ करून सुसाट सुटतात आणि लगोलग गॅमा किरण बाहेर टाकतात. यातलं काहीच डोळ्यांना दिसत नाही. पण तुकड्यांची ऊर्जा मोजली, बरोबर आलेल्या किरणांची ऊर्जा मोजली, की अणू आतून कसा फाटला असेल याचा अंदाज बांधता येतो. आमच्या गटाचं काम हे मोजण्याचं. आमचं यंत्र होतं स्पेक्ट्रोमीटर. बाहेरून पाहणाऱ्याला ती पितळेची एक बंद पेटी, शिशाच्या विटांची एक छोटी भिंत आणि भिंतीला लावलेली वायरींची कपाटं दिसायची. पेटीत मधोमध युरेनियमचा पातळ थर. भट्टीतून आलेले न्यूट्रॉन त्यावर आदळले की अणू फुटायचे आणि प्रत्येक तुकड्यामागे विजेचा एक ठोका उमटायचा. तुकडा जोरात असेल तर ठोका मोठा. शिशाच्या भिंतीआड खडीसाखरेसारखा स्वच्छ एक स्फटिक होता. किरण त्यात शिरला की आत बारीकसा प्रकाश पडायचा आणि त्याचाही ठोका व्हायचा. कपाटावरचं एक बटण फिरवून ठरावीक उंचीचे ठोके तेवढे निवडायचे, लुकलुकणाऱ्या दिव्यांवर ते मोजायचे, आलेख-कागदावर टिंब द्यायचं, बटण थोडं पुढे सरकवायचं. दिवसभर हेच.

यातलं विकत आणलेलं फार थोडं होतं. पितळी पेटी आमच्याच वर्कशॉपमध्ये कातली होती. कपाटातल्या वायरी आम्हीच जोडल्या होत्या, त्यातल्या निम्म्या मी. अजूनही डाग देण्याच्या कथलाचा वास आला की मला ती लांबलचक बराक आठवते, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असलेली. गटात बाई मी एकटीच. आमचे प्रमुख दक्षिणेकडचे होते, परदेशात शिकून आलेले, मितभाषी. पहिल्या दिवशी त्यांनी मला यंत्राभोवती एक चक्कर मारायला लावली आणि यातलं कुठलं बटण कशासाठी असेल ते ओळखायला सांगितलं. मी बरीचशी ओळखली. त्यानंतर मी बाई आहे हा विषय त्यांच्या बाजूनं संपला.

अडचण उभी राहिली ती मोजायला लागल्यावर. तुकडे दोन प्रकारचे, म्हणून आलेखावर दोन टेकड्या यायला हव्यात आणि मध्ये खोल दरी. परदेशी नियतकालिकांतल्या आलेखांत ती स्पष्ट दिसायची. आमच्या कागदावर मात्र एकच जाडजूड टेकडी यायची, माथ्यावर किंचित चेपलेली. वायरी तपासल्या, पेटीतला वायू बदलला, सगळं उलगडून पुन्हा जोडलं. टेकडी तशीच. शेवटी प्रमुखांनी दोष यंत्राचा नसून पापुद्र्याचा असल्याचं निदान केलं. युरेनियमचा थर ज्या पापुद्र्यावर बसवलेला असतो, तो जाड असला की त्यातून आरपार जाताना तुकड्याची शक्ती खर्च होते. कुणाची कमी, कुणाची जास्त. मग जोरातला तुकडाही दमलेला दिसतो आणि दोन टेकड्या एकमेकींत मिसळतात. पापुद्रा इतका पातळ हवा की तुकड्याला तो वाटेत आहे हे कळूच नये.

असा पापुद्रा कोलोडियनचा करतात. जखमेवर लावायला डॉक्टर वापरत तेच ते. ते एका द्रावकात पातळ करायचं, संथ पाण्यावर त्याचा थेंब सोडायचा. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच थेंब पसरतो, द्रावक उडून जातो आणि पाण्यावर साय धरावी तसा पापुद्रा राहतो. तो अॅल्युमिनियमच्या कडीवर अलगद उचलायचा. वाचायला दोन ओळी. आमच्या बराकीत समुद्राचा वारा सारखा खेळायचा, डोक्यावर पंखे, शेजारी पंपांची घरघर. पाणी कधी स्थिर राहायचंच नाही. बंद अशी एकच खोली होती आणि ती फोटो धुणाऱ्यांकडे होती. मी केलेला प्रत्येक पापुद्रा एकतर जाड यायचा किंवा उचलताना फाटायचा. प्रमुख पापुद्रे परदेशातून मागवण्याचं बोलू लागले. ते यायला कित्येक महिने जाणार, आणि प्रवासात टिकतील याची खात्री नाही. मी त्यांना विचारलं, घरी करून बघू का? घरी नेणार होते ते नुसतं कोलोडियन. युरेनियम तिथेच, त्याच्या खोलीत राहणार होतं. त्यांनी थोडा विचार करून होकार दिला.

आमच्या घरात वाऱ्याला मज्जाव असलेली एकच जागा होती, न्हाणीघर. मी आईची मोठी परात मागून घेतली. मोटारींच्या बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी वडिलांनी हमरस्त्यावरच्या गॅरेजमधून आणून दिलं. पहिला थेंब टाकला आणि घरभर पिकलेल्या केळ्यांचा वास सुटला. त्या द्रावकाचा वासच तसा. आई स्वयंपाकघरातून आली आणि घड कुठे ठेवलाय म्हणून विचारू लागली. मी तिला परातीकडे बोट दाखवलं. तिला काही दिसेना. खरं तर मलाही दिसत नव्हतं. कल्हईच्या चकाकीत पापुद्रा हरवून जात होता, आणि कुणी ओसरीवरून चाललं तरी परात थरथरायची.

आई मराठी चार यत्ता शिकलेली. तिनं मला दोन गोष्टी विचारल्या. भांडं हलायला नको ना? आणि तळ काळा चालेल ना? मी हो म्हटल्यावर ती न्हाणीघराच्या कोपऱ्यातल्या दगडी डोणीपाशी गेली. काळ्या दगडाची, दोघांनाही न हलणारी ती डोण आम्ही पाणी साठवायला वापरायचो. त्या रविवारी आई आणि मी ती घासत बसलो. आईनं आधी राखेनं, मग शिकेकाईनं घासली, आणि शेवटी मी प्रयोगशाळेच्या पद्धतीनं. काळ्या तळावर पाणी आरशासारखं पसरलं. थेंब सोडला, आणि झरोक्यातल्या तिरप्या उजेडात पापुद्रा दिसला: आधी निळसर, मग सोनेरी झाक, आणि थेंब कमी केला तेव्हा कसलाच रंग नसलेला, फक्त कडेला चंदेरी रेघ. रंग दिसेनासा होणं म्हणजे पापुद्रा पुरेसा पातळ होणं. मला तो हवा होता तसा पहिल्यांदा मिळाला तेव्हा मी दार बंद असतानाच आईला हाक मारली, आणि मग दार उघडल्यामुळे आलेल्या झुळकीनं तो फाटला. पुढचा मी हाक न मारता उचलला.

ते पापुद्रे नेण्यासाठी माझा जेवणाचा डबा कामी आला. वरच्या पुडात कड्या बसवलेल्या, खालच्यात पोळीभाजी. प्रयोगशाळेच्या फाटकाशी निवृत्त फौजी पहारेकरी होता, साताऱ्याकडचा. मी डबा इतका जपून धरलेला पाहून त्याला संशय आला.

"ह्यात काय हाय बाई?"

"पापुद्रे."

"पापड?"

"पापुद्रे. उघडून दाखवते, पण वाकताना श्वास रोखून धरा."

त्यानं खरोखरच श्वास रोखून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मागे सरकून म्हणाला, "काहीच न्हाई की ह्यात." मी म्हटलं, तसंच दिसायला हवं. पुढे तो रोज माझ्यासाठी फाटक पूर्ण उघडायचा, डब्याला धक्का लागू नये म्हणून.

युरेनियमचा थर बसवणाऱ्यांनी पहिले काही पापुद्रे फाडले. मी पुन्हा करून दिले. एक टिकला. तो पेटीत बसवला, पेटी बंद केली, भट्टीकडून न्यूट्रॉनची झडप उघडली गेली आणि मी बटण फिरवून टिंबं द्यायला सुरुवात केली. टिंबं चढली, उतरली. आता खरी परीक्षा होती. जुन्या आलेखात याच जागी ती किंचित उतरून पुन्हा चढायची. यावेळी ती उतरतच राहिली. दिवे इतके सावकाश लुकलुकायला लागले की काही बिघडलं की काय असं मला वाटलं. मग पुन्हा चढण सुरू झाली. दुपारच्या चहापर्यंत माझ्या कागदावर दोन वेगळ्या टेकड्या उभ्या होत्या आणि मध्ये खोल दरी. माझ्या हातानं केलेल्या पापुद्र्यावर अणू फुटत होते आणि आपण कसे फुटलो ते सांगत होते. मी पेन्सिल खाली ठेवली. आतून एकदम भरून आलं. प्रमुख मागे येऊन कधी उभे राहिले ते कळलं नाही. त्यांनी तो कागद उचलून खिडकीपाशी नेला, पुष्कळ वेळ पाहिला, आणि परत देताना कोपऱ्यात माझी सही करायला सांगितली. आमच्याकडे आलेखावर सही करायची पद्धत नव्हती.

त्या संध्याकाळी मी वडिलांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. जेवताना त्यांनी आईला विचारलं की अंघोळीचं पाणी आता कुठून घ्यायचं, कारण डोण काही आता परत मिळणार नाही. म्हणजे त्यांना पटलं होतं.

याच सुमारास कल्याणच्या एका घराकडून माझ्यासाठी स्थळ आलं होतं. माणसं सुशिक्षित, पत्रिका जुळलेली, मुलगाही मला बरा वाटला होता. बोलणी पुढे जाता जाता थांबली. मध्यस्थानं ओसरीवर बसून, पायांकडे बघत कारण सांगितलं: मुलगी किरणांत काम करते, उद्या मुलंबाळं व्हायची, त्यांच्याकडच्या मोठ्या माणसांना भीती वाटते, नोकरी सोडत असेल तर विचार करता येईल. मी आत होते, ऐकत होते. आई बाहेर गेली.

"त्यांना सांगा," ती मध्यस्थाला म्हणाली, "किरण किती असतात ते आमची मुलगी मोजते. त्यांच्या घरात कुणी मोजतं का?"

मध्यस्थ उठले. ते स्थळ तिथेच संपलं. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणं खोटं होईल. चार दिवस जेवण गोड लागलं नाही. पण नोकरी सोडायचा विचार मात्र एकदाही मनात आला नाही.

उन्हाळ्यात ठाण्याच्या वाचनालयानं मला व्याख्यानाला बोलावलं. त्यांची दरवर्षी व्याख्यानमाला व्हायची. मोठमोठे वक्ते येत. एखाद्या संध्याकाळी गावातल्याच मुलीला उभं करावं असं कार्यवाहांच्या मनात आलं. विषय: अणू कसा फुटतो. मी हो म्हटलं आणि मग घाबरले, कारण हे सगळं मला इंग्रजीतच येत होतं. वर्तमानपत्रं विखंडन लिहायची. तो शब्द माझ्या तोंडात दगडासारखा बसायचा. मी आईसमोर सराव केला. ती भाजी निवडत ऐकायची. जिथे तिचा हात थांबायचा तिथे मी शब्द बदलायचे. अशा रीतीनं विखंडनाची फूट झाली, स्पेक्ट्रम म्हणजे ऊर्जेचा आलेख झाला, आणि गॅमा किरण मात्र गॅमा किरणच राहिले. त्यावर तिची काही हरकत नव्हती.

सभागृह भरलं होतं. वकील, शिक्षक, कॉलेजातली मुलं, मागच्या बाकांवर बायका. मी टेकड्यांचा आलेख फळ्यावर काढला आणि पापुद्र्याची हकीकत सांगितली. व्याख्यान संपल्यावर एक वयस्कर डॉक्टर उभे राहिले. त्यांनी विचारलं की हे सगळं अखेर बॉम्बसाठीच ना, आणि तुम्हाला स्वतःला याची भीती वाटत नाही का.

मी म्हटलं, "अणू फुटताना काय होतं ते मी मोजते. ते ज्याला कळलं त्याला बॉम्बही करता येईल आणि वीजही. आपण भट्टी बांधली आहे. आणि भीती म्हणाल, तर अंगावर किती किरण पडले ते दाखवणारा फिल्मचा बिल्ला मी छातीवर लावून काम करते, तो वरचेवर तपासला जातो. जे मोजलं जातं त्याची मला भीती वाटत नाही."

टाळ्या पडल्या. टाळ्या ओसरल्यावर एका बाजूला भिंतीला टेकून उभा असलेला एक तरुण पुढे आला. कल्याणजवळच्या मोहन्याच्या रेयॉन कारखान्यात केमिस्ट आहे, अशी त्यानं ओळख करून दिली. त्याचा प्रश्न वेगळाच होता. पापुद्रा उचलताना फाटतो तो मधोमध फाटतो की कडीच्या कडेनं? मी म्हटलं, कडेनं. तो म्हणाला, मग तो ठिसूळ आहे. त्यात एरंडेलाचा अंश घालून बघा. सभागृहात हशा पिकला. लहानपणी एरंडेल प्यायलेले सगळेच हसले, मीही. तो मात्र हसला नाही. कोलोडियन काय आणि रेयॉन काय, दोन्ही लाकडाकापसाच्याच लगद्यातून येतात, आमच्याकडे दिवसभर हेच चालतं, असं त्यानं शांतपणे सांगितलं.

घरी येताना मला तो थोडा आगाऊ वाटला. दुसऱ्या दिवशी मी एरंडेल घातलं. जास्त पडलं तेव्हा पापुद्रा तेलकट होऊन लोळागोळा झाला. अगदी सुईच्या टोकावर येईल इतकं घातलं तेव्हा तो कडीवर ताणला जाऊनही फाटेना. आता थर बसवतानाही पापुद्रे टिकायला लागले. मी मोहन्याला कार्ड टाकून कळवलं. पुढच्या रविवारी तो डोण बघायला आला. आईनं त्याला चहा दिला आणि कारखान्यात बायका काम करतात का, असं विचारलं. तो म्हणाला, करतात, पण प्रयोगशाळेत नाहीत, आणि हे चूक आहे.

पापुद्रे भरवशाचे झाल्यामुळे आमचं खरं काम आता सुरू करता आलं. एका बाजूला तुकडे आणि त्याच क्षणी सुटलेले गॅमा किरण, दोन्ही जोडीनं मोजायचे. पेटीतला ठोका आणि स्फटिकातला ठोका एकदम आले तरच दिवा लागायचा. असे योग थोडे, त्यामुळे एकेका टिंबासाठी बसून राहावं लागायचं. पावसाळ्यात दमटपणानं कपाटं रुसायची. मग वायरींवर दिव्यांची ऊब द्यायची आणि परत सुरू. वर्ष उलटून गेलं. शेवटी हलक्या तुकड्याबरोबर कुठले किरण येतात आणि जड तुकड्याबरोबर कुठले, याचं चित्र आमच्यासमोर उभं राहिलं. परदेशातल्या मोजमापांशी ते ताडून पाहिलं. बहुतेक ठिकाणी जुळलं. एके ठिकाणी आमची रेषा त्यांच्यापेक्षा स्वच्छ होती.

भौतिकशास्त्रज्ञांच्या परिषदेत यावरचा निबंध प्रमुख वाचतील असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. त्यांनी आदल्या आठवड्यात मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "मोजलंय तुम्ही. तुम्हीच सांगायचं." मी जांभळी इरकली साडी नेसून गेले. सुरुवातीला मी हातातले कागद बघून बोलत होते. आलेख पडद्यावर आला तेव्हा ते बाजूला ठेवले, कारण त्यातलं प्रत्येक टिंब मला ओळखीचं होतं. कुणी कुठल्याही टिंबावर बोट ठेवावं, ते कोणत्या हवेत, किती वाट पाहून मिळालं ते मी सांगू शकले असते. प्रश्न आले, उत्तरं देता आली. खाली उतरल्यावर प्रमुखांनी आपल्या शेजारची खुर्ची माझ्यासाठी ओढली.

त्या केमिस्टशी माझं लग्न झालं. आम्ही मोहन्याला कारखान्याजवळच्या वसाहतीत राहू लागलो, आणि तिथून मी रोज प्रयोगशाळेत जात राहिले. सासूबाईंनी माझी पहाटेची घाई पाहून स्वतःहून डबा भरायला घेतला. निबंध छापून आला तेव्हा त्यावर माझी नुसती आद्याक्षरं होती, तशी रीतच होती. काही महिन्यांनी युरोपातल्या एका प्रयोगशाळेचं पत्र आलं. त्यांना आमच्या पापुद्र्यांची कृती हवी होती, आणि सुरुवात होती 'प्रिय महोदय'. प्रमुखांनी ते हसत माझ्याकडे सरकवलं. मी सविस्तर उत्तर लिहिलं: पाणी कसं, उजेड कुठून, एरंडेल किती. खाली नाव लिहिताना आद्याक्षरं टाळली. माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं पूर्ण लिहिलं, नावाआधी 'सौ.' लावलं, आणि त्याचा अर्थ काय ते पत्राच्या तळाशी एका ओळीत इंग्रजीत समजावून दिलं.